लिंबाजी थप्पी

१२ मे. आज एकच काम हाती घेतलं होतं — गोडाऊनमध्ये नव्याने लागलेल्या चौघांसाठी धंद्यातल्या शब्दांचा तक्ता लिहून काढायचा. बिल्टी म्हणजे काय, बॅच म्हणजे काय, कोणत्या मालाला शॉर्ट म्हणायचं आणि कोणत्या डॅमेज. सोपं काम. अकरा शब्द झाले आणि बाराव्यावर हात थांबला. तो शब्द कुठून आला हे फक्त मला माहीत आहे. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

थप्पी म्हणजे एकावर एक रचलेल्या पेट्या. नवा माल आला की जुनी थप्पी आधी बाहेर ओढायची, नवी भिंतीशी लावायची आणि जुनी परत पुढे. म्हणजे जुना माल आधी विकला जातो. घाम काढणारं काम. ते टाळून कुणी नवा माल तसाच पुढे रचला आणि जुना मागे कोंडला, तर त्याला आमच्याकडे 'लिंबाजी थप्पी' म्हणतात. लातुरात म्हणतात, अहमदपुरात म्हणतात, देगलूरच्या गोडाऊनमध्येही मी ऐकलंय. "कुणी लावली रं ही लिंबाजी थप्पी?" आमचा मुकादम ओरडतो आणि सगळे हसतात. कधीकधी — हेही लिहायलाच हवं — मीसुद्धा हसले आहे.

लिंबाजी हा खराखुरा माणूस होता. आमचा हमाल.

लातूर जिल्हा वेगळा झाल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. नवी कार्यालयं, नवे हुद्दे, नव्या एजन्सी. आमचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनीही नवं गोडाऊन घेतलं आणि मला स्टॉक लिहायला ठेवलं. साबण, बिस्किटं, बाळांची दूधपावडर. दुष्काळ होता. साबण पडून राहायचा, धुवायला पाणी कुठे होतं? आमच्या गल्लीत टँकर एक दिवसाआड यायचा, आणि आई अंथरुणाला खिळलेली. घागरी रांगेत लावायला घरी मीच.

त्या दुपारी नांदेडच्या डेपोतून दूधपावडरची गाडी आली आणि तेवढ्यात टँकरचा भोंगा ऐकू आला. लिंबाजी जुनी थप्पी ओढायला वाकलाच होता. माल लागेपर्यंत मला जागेवरून हलता यायचं नाही. मी म्हटलं, "राहू द्या. पुढंच लावा आज."

"बाई, जुना माल मागं कोंडल की."

"उद्या बघू. माल एकच आहे."

तो उद्या आला नाही. म्हणजे दिवस आला — माझ्या लक्षात राहिलं नाही. की राहिलं होतं आणि मी टाळलं? इतक्या वर्षांनी या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

पुढे डेपोचे साहेब तपासणीला आले. पुढच्या पेट्या हलवल्या, तर मागे पंचवीस पेट्या, तारीख उलटून गेलेल्या. अण्णांनी सगळ्यांना उभं केलं. "थप्पी कुणी लावली?"

मी म्हटलं, "लिंबाजीनं."

खोटं होतं का? लावली त्यानेच होती. याच वाक्याच्या आडोशाला मी तीस वर्षं बसले आहे. पण कुणी लावायला सांगितली, हे मी बोलले नाही. आणि दुसऱ्या कुणी विचारलंही नाही. चौदा हमालांत तो एकटाच बौद्ध होता. त्याचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार नाही, हे मला ठाऊक होतं का? असावं. नाहीतर जीभ इतक्या सहज कशी वळली?

लिंबाजीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — वाट बघितल्यासारखं. मी रजिस्टर उघडलं आणि काहीतरी शोधू लागले. त्यानं दंडावरचा पितळी बिल्ला सोडला, टेबलावर ठेवला आणि गेला. तो का बोलला नाही? मी बोलेन असं वाटलं असेल? की त्याचं कुणी ऐकणार नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं?

एकदाच भेटला, अहमदपूरच्या बसस्टँडवर. निलंग्याकडे ऊसतोडीला जातो म्हणाला. "बरं हाय का, बाई?" असं विचारून त्यानं बाकड्यावरचं गाठोडं बाजूला घेतलं आणि मला बसायला जागा केली. मी बसले. पाच मिनिटं आम्ही शेजारी होतो. मी पावसाबद्दल बोलले. तोवर गोडाऊनमध्ये त्याचं नाव शिवीसारखं वापरायला लागले होते, आणि ते त्याच्या कानावर गेलं असेल का, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तो आज आहे की नाही, मला माहीत नाही. कधी चौकशी केली नाही.

आज नव्या पोरांपैकी एकीने विचारलं, "मॅडम, लिंबाजी थप्पी पण लिहायची ना तक्त्यात?"

१३ मे. सकाळी बारावा शब्द लिहिला. त्यापुढे लिहिलं — ही थप्पी लावायला मी सांगितलं होतं. लिंबाजींनी हटकलं होतं. विचारल्यावर मी फक्त त्यांचं नाव घेतलं आणि त्यांचं काम गेलं. खाली पूर्ण नावाने सही केली आणि तक्ता गोडाऊनच्या दारावर चिकटवला, हमाल जिथे बिल्ले बांधतात तिथे. मुकादमाने बोट फिरवत दोनदा वाचलं.

"मॅडम, हे खरं हाय?"

"हाव," म्हटलं, आणि नांदेडची गाडी उतरवायला गेले.