मागच्या दारावरचा कॅमेरा

आईचा फोन आला तेव्हा मी नुकतीच शाळेतून घरी आले होते. एरवी ती आधी पोरांची चौकशी करते, मग पाऊसपाण्याची. त्या दिवशी मात्र थेट म्हणाली, "मले वाटते, माह्या घरात कोणी तरी येते."

"काय गेलं?" मी विचारलं.

"काहीच नाही गेलं. तेच तं भेव हाय."

माझं माहेर पिंपळगाव राजाचं. बाबा गेल्यापासून आई तिथं एकटीच राहते. मी देऊळगाव राजाला शिक्षिका, भाऊ पुण्यात नोकरीला. आई रोज दुपारी समोरच्या दाराला कुलूप लावून मारुतीच्या देवळात बायकांच्या भजनाला जाते. मागच्या दाराला बाहेरून नुसती कडी असते, कारण मागचं अंगण चहूकडून बंद आहे. आई परत आली की घरात काहीतरी हललेलं असायचं. डाळीचं पातेलं एका जागी ठेवलेलं, ते दुसऱ्या जागी. दूध उघडं ठेवलेलं, त्यावर झाकण. साखर तेवढीच, तेल तेवढंच, कपाटाला कोणाचा हातही लागलेला नाही.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, वय झालं तिचं. स्वतःच ठेवते आणि विसरते." मलाही तसंच वाटलं असतं. पण त्या रविवारी चिखलीमार्गे गावी गेले आणि आईला पाहून चरकले. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दुपारी तिनं डाळीचं सगळं पातेलं रस्त्यावरच्या कुत्र्यापुढं ओतलं.

"काऊन वं?" मी कारण विचारलं.

"कोणी हात लावलेलं अन्न मी नाही खात. काय टाकलं असन त्यात, कोणाले माहीत?" असं म्हणून तिनं मान किंचित डावीकडं वळवली.

डावीकडं काकूचं घर. बाबा आणि काका सख्खे भाऊ. वाटणीत एकाच अंगणाची दोन अंगणं झाली आणि मध्ये कमरेएवढी भिंत आली. काकूच्या न्हाणीचं पाणी आमच्या तुळशीपाशी येतं, यावरून दोघी जावांचं जे भांडण पेटलं ते अबोल्यावर येऊन थांबलं. पुढं दोघे भाऊ गेले, न्हाणीलाही पाइप बसला, पण अबोला तसाच राहिला. समोरासमोर आल्या तर एक जण पदर सावरत आकाशाकडं पाहायची, दुसरी पायाकडं. माझ्या लग्नातही काकू मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसून जेवली होती. त्यामुळं आईनं मान वळवली तेव्हा मला वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. भिंत कमरेएवढीच होती.

कॅमेऱ्याची कल्पना माझी. भावाला ती एवढी पटली की तो घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत कॅमेरे लावायला निघाला. भिंतीत वायरी, मोठा पडदा, पुण्यात बसून सगळं दिसायची सोय. मला ते नको होतं. त्याच्या घरच्या दिवाणखान्यात टीव्हीवर आमच्या आईचं स्वयंपाकघर दिसणार आणि येणारेजाणारे ते पाहणार, हा विचारच मला सोसवेना. मी म्हटलं, एकच. साधा. बिनवायरचा.

परतताना खामगावला उतरून एका दुकानात गेले. दुकानदार बोलका होता. "वायरलेस पाहिजे ना मॅडम? हा घ्या," म्हणून त्यानं खोकं उघडलं तर आतून हातभर वायर निघाली. "ही लाइटची. लाइट तर लागणारच ना," तो हसला. आमच्या गावी दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय त्याला घरातलं इंटरनेट लागणार होतं, आणि आईच्या घरी ते नव्हतं. मी तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "चित्र तर पाहा आधी, किती क्लिअर येते," आणि त्यानं स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला.

पडद्यावर एक अंगण होतं. शेणानं सारवलेलं, कोपऱ्यात बांधलेली गाय. एक बाई पायरीवर बसून ओले केस विंचरत होती. पदर खांद्यावरून घसरलेला. तिला कोणी पाहत असेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"हे कोणाचं घर?"

"एका कस्टमरचं. आपणच बसवला. बसवताना आपल्या मोबाइलवरूनच चालू करावा लागतो."

"आणि मग तुमच्या मोबाइलमधून काढत नाही?"

"सर्व्हिसला बरं पडते," तो सहज म्हणाला आणि बोटानं पडदा सरकवून दुसरं घर दाखवू लागला.

मी पिशवी उचलून बाहेर पडले. बसमध्ये बसल्यावरही ती बाई डोळ्यांसमोरून जाईना. कोणत्या गावची होती, तिला जाऊन सांगावं तरी कसं? चोराच्या भीतीनं तिच्या माणसांनी कॅमेरा बसवला असेल, आणि आता एक परका माणूस दुकानात बसून तिचं अंगण गिऱ्हाइकांना दाखवत होता.

तेव्हापासून मी कॅमेऱ्यांकडंही चोराकडं पाहावं तसं पाहू लागले. देऊळगावातल्या एका मोबाइलच्या दुकानात जाऊन प्रश्नांवर प्रश्न विचारले. चित्रं कुठं साठतात? दूरच्या कुठल्या कंपनीत, की आतल्या कार्डावर? ॲप माझ्या फोनमधले नंबर कशाला मागतंय? पासवर्ड बदलता येतो ना? दुकानातला माणूस कंटाळून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कॅमेरा घ्यायचा आहे की नाही?" शेवटी मुठीएवढा एक पांढरा कॅमेरा निवडला. स्वतःची बॅटरी असलेला, आत सिमकार्ड आणि साठवणीचं कार्ड घालायचा. तो मान फिरवत नाही, ठेवाल तिकडंच पाहतो. कोणी हललं की माझ्या फोनवर घंटी वाजणार होती, आणि इकडून बोललं तर तिकडं ऐकू जाणार होतं. खोकं माझ्यासमोर फोडायला लावलं आणि घरी येऊन सगळं माझ्याच हातानं चालू केलं. भावालाही पासवर्ड दिला नाही. तो चार दिवस फुगून बसला.

कॅमेरा घेऊन गावी गेले तेव्हा आईनं अट घातली, तिच्या खाटेकडं आणि देवाकडं त्याचं तोंड नको. स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या रांगेत मी तो ठेवला. मागचं दार पूर्ण दिसत होतं, ओट्याचा अर्धा भाग दिसत होता. आईनं त्याच्याकडं बराच वेळ रोखून पाहिलं. "हे तुह्याशिवाय कोणाले दिसत नाही ना? शप्पथ?"

"शप्पथ."

त्यानंतर माझं शाळेत लक्ष लागेना. घंटी वाजली की हातातला खडू ठेवून फोन उघडायची. कधी मांजर असायचं, कधी वाऱ्यानं हललेला पडदा. एकदा नुसतीच आई होती, ओट्याला टेकून एकटीच काहीतरी बोलत होती, ते मी लगेच बंद केलं.

मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत, घंटी वाजली. मी शिक्षकांच्या खोलीतून व्हरांड्यात आले. मागचं दार हळूच आत ढकललं गेलं आणि काकू आत आली. डोक्यावर पदर, हातात काही नाही. तिनं एकदा पुढच्या खोलीकडं कानोसा घेतला आणि भरभर ओट्याकडं गेली. तिचा हात चित्राच्या चौकटीबाहेर गेला. तो तिथं काय करतोय ते मला दिसेना. वर्षानुवर्षांचा अबोला, कुत्र्यापुढं ओतलेली डाळ, आईचे बारीक झालेले हात, सगळं एकदम माझ्या डोक्यात चढलं. मी बोलायचं बटण दाबलं.

"काकू! काय टाकून राह्यली तू त्यात?"

ती एवढी दचकली की पातेल्याचं झाकण खाली पडून गरगरत दाराशी गेलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. छताकडं, दाराकडं, सगळीकडं पाहिलं. मग तिला फळीवरचा कॅमेरा दिसला. तिनं पदर घट्ट ओढून घेतला. क्षणभर वाटलं, ती पळेल. पण ती उलट दोन पावलं पुढं आली. तिचा चेहरा माझ्या फोनभर झाला.

"तू हायेस का आत? मोठ्या बाईची पोरगी?"

"हाव. काय टाकलं सांग."

"टाकाले काय माह्या घरी जहर उतू चाललं का?" तिनं ओट्याकडं बोट केलं. "तुह्या मायनं डाळ चढवली अन् गॅस चालू ठेवून देवयात गेली. रोज नाही, पण हप्त्यातून दोनदा तरी. पयल्यांदा मले भिंतीवरून जयकट वास आला. हाका कोणाले माराच्या? बोलत तं नाही ती. आली भिंतीवरून, केला बंद, ठेवलं पातेलं खाली, दूध उघडं दिसलं तं झाकलं. तवापासून ती गेली का मी भिंतीपाशी वास घेते, शंका आली तं आत येऊन पाहते."

"मग कोणाले सांगितलं काऊन नाही?"

"कोणाले सांगू? तिले? ती म्हणन, घर पेटवाले आली होती."

शाळेची घंटा झाली. काकू म्हणाली, "आता समजलं ना? मंग आता तूच पाह्य तिथून. मले चोरावानी यंत्रात दिसाची हौस नाही." झाकण उचलून तिनं ओट्यावर ठेवलं आणि ती निघून गेली.

खरं सांगायचं तर तेवढ्यानं माझा संशय फिटला नाही. बाई हुशार आहे, पकडली गेली म्हणून रचून सांगत असेल, असंही मनात आलं. शनिवारी अर्धी शाळा करून गावी गेले आणि आईला काही न सांगता कॅमेऱ्याचं तोंड गॅसकडं केलं. मंगळवारी आई निघून गेल्यावर चित्र उघडलं तर पातेल्याखाली निळी ज्योत पेटलेली होती. खोलीत कोणी नव्हतं. काकू त्या दिवशी आली नाही. मी आईसोबत भजनाला बसणाऱ्या एका बाईला फोन लावून आईला घरी धाडलं आणि ज्योत विझेपर्यंत फोनवरून नजर हटवली नाही.

त्याच संध्याकाळी गावी जाऊन आईला ते चित्र दाखवलं तेव्हा ती दोनदा पाहून म्हणाली, "हे आजचं नाही." मग म्हणाली, "यंत्र खोटं बी दाखवते." शेवटी उठून पाणी प्यायली आणि मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. चप्पल न घालता मागच्या दारानं निघाली आणि भिंतीपाशी उभी राहून तिनं काकूला हाक मारली. जावेला तिनं हाक मारलेली मी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती.

"मले न विचारता माह्या घरात आली कशी वं तू?"

काकू बाहेर आली. "जयू दिली पाहिजे होती का तुले?"

"जयली असती! तुले काय करा लागते?"

"मधात भिंत एकच हाय. तुह्यासंग मी बी गेली असती ना!"

बराच वेळ त्या भांडल्या. न्हाणीचं पाणी निघालं, वाटणीतली परात निघाली, बाबांच्या दहाव्याला कोण आलं नव्हतं तेही निघालं. मी मध्ये पडले नाही. आवाज हळूहळू उतरत गेला.

आई तरीही बदलली असं नाही. गॅस आपण विसरतो हे ती अजून कबूल करत नाही. देवळात जायच्या आधी मात्र भिंतीपाशी जाऊन काकूला कुरकुरत सांगते, "चालली मी. पाहून घे एकदा, तुले भरवसा नसन तं." काकू येते, बटण तपासते, आणि जाताना कॅमेऱ्याकडं एक तिरका डोळा टाकते. मीही रोज पाहते. आई आता जेवते की नाही, ते पाहते. कधीकधी गरज नसतानाही पाहते.

मागच्या आठवड्यात दुपारी फोन उघडला तर सगळं काळंच दिसलं. बॅटरी संपली असेल म्हणावं तर आवाज येत होता. भांड्यांचा, मग कोणाच्या तरी हसण्याचा. मी घाबरून आईला फोन लावला.

"कॅमेऱ्याले काय झालं?"

"काही नाही. फडकं टाकलं त्याच्यावर."

"काऊन?"

"चहा घेऊन राह्यलो आम्ही दोघी," आई म्हणाली. "अन् तुले कायले पाह्यजे आमचं बोलणं?"