पूजेतला टेकू

माझे बाबा खंडेनवमीच्या दिवशी लिफ्टखाली चिरडून गेले.

इमारतीतली लिफ्ट नव्हे. सत्तरच्या दशकातली पिंपरीतली कंपनी. पत्र्याचे गठ्ठे वर उचलायला तिथे एक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर उचललं जाणारं टेबल होतं. खाली कात्रीसारखे लोखंडी हात. ते उघडले की टेबल वर, मिटले की खाली.

बाबा तिथे फिटर. त्यांचा एकच नियम. लिफ्टखाली शिरायच्या आधी टेकू लावायचा. टेकू म्हणजे जाड लोखंडी दांडा. टेबल अचानक खाली आलंच, तर त्याच्यावर अडतं.

नवीन पोरांना सांगायचे, "बिनटेकूचा आत जाणार आसशील, तर आधी बायकोला इचारून ये."

त्या दिवशी हत्यारं पूजेला मांडली. पाने, हातोडे आणि मधोमध टेकू. बाबांनीच धुऊन-पुसून मांडला होता. झेंडू, हळद-कुंकू.

पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही आमची पद्धत.

पेढे वाटून झाले आणि मालाचा ट्रक आला. लिफ्ट वर जाऊन अडकली. साहेब म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, बघून टाका.

हार तर लिफ्टलाही घातला होता. तिला कामाला लावताना कुणाला पाप आठवलं नाही.

स्टोअरमधून दुसरे पाने मिळाले. टेकू एकच होता.

बाबांचे जोडीदार शब्बीरचाचा म्हणाले, "टेकू घे ना भाऊ."

"पूजेला बसलाय त्यो. ऱ्हाऊ दे. लगीच भाईर येतो."

ते आत गेले आणि तेलाची नळी फुटली.

हे सगळं चाचांनीच आम्हाला सांगितलं, पुनावळ्याला आमच्या ओट्यावर बसून. रडत म्हणाले, "भाभी, मीच उचलणार होतो. पण तुमची पूजा. माझा हात कसा लावू?"

आईने त्यांना पाणी दिलं. म्हणाली, "देव काय बाटला नसता, भावजी. माणूस वाचला असता."

पुढच्या खंडेनवमीला आईने विळी पुजली. मग फुलं बाजूला सारून त्याच विळीवर गवार चिरली. आजी म्हणाली, पाप लागंल.

"लागू द्या. हत्यार पुजून ठिवलं, म्हणून माझा माणूस गेला."

मला अजून राग येतो. देवाचा नाही. दुसरा टेकू करून न ठेवणाऱ्या कंपनीचा येतो.

आणि बाबांचाही येतो. टेकूवरून जगाला शिव्या घालणारा माणूस स्वतः बिनटेकूचा आत गेला. आईला न विचारता.

आज खंडेनवमी. माझा मुलगा महाळुंग्याच्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. सकाळी त्याचा फोन आला, पूजा छान झाली म्हणून.

मी विचारलं, "आणि टेकू?"

"मशीनपाशीच आहे, आई. हार तिथंच जाऊन घातला."

फोन ठेवला आणि खूप रडले.

बाबा, तुमच्या नातवाचा टेकू जागेवर आहे. भरल्या मनाने तुम्हाला नमस्कार.