दोन सरांची एक की

नांदेडच्या नव्या शाखेत परीक्षेची वेळ होत आली तरी कॉम्प्युटर प्रश्न दाखवत नव्हता. हदगावहून आलेले आईबाप जिन्यात डबे घेऊन बसले होते. पहिलीच परीक्षा फसली असती, तर त्यांनी पोरं उचलून समोरच्या क्लासला नेली असती.

मी लातूरच्या क्लासवर शिपाई. शाखा लावायला मलाही आणलं होतं. ऑपरेटर सलीमभाईनं समजावलं तसं लिहिते. सगळे प्रश्न साठवलेले असतात तो डेटाबेस. कुणी चोरले तरी वाचता येऊ नयेत म्हणून त्यातली अक्षरं कालवून ठेवतात, ते एन्क्रिप्शन. कालवलेलं पुन्हा जागेवर लावणारा गुप्त शब्द म्हणजे की. डेटाबेसची कॉपी लातूरहून आली होती. की तिच्याबरोबर पाठवत नाहीत, ती माणसाच्या डोक्यात ठेवतात.

आमच्याकडं ती दोन डोक्यांत होती. क्लास दोघांचा, फिजिक्सचे सर आणि केमिस्ट्रीचे सर. दिवाळीत त्यांचं भांडण झालं, बोलणं बंद झालं. एकानं प्रश्न घेऊन पळू नये म्हणून नवी की केली. अर्धी याला माहीत, अर्धी त्याला.

"मावशी, त्यांना सांगा, तोंड तिकडं करा," फिजिक्सचे सर म्हणाले.

"मावशी, यांना सांगा, मला यांच्या अर्ध्यात इंटरेस्ट न्हाई," केमिस्ट्रीचे सर म्हणाले.

दोघं हातभर अंतरावर होते. मी कुणालाच काही सांगितलं नाही. शेवटी सलीमभाईनं टेबलावरचा कपडा काढून माझ्या हातात दिला. लग्नात अंतरपाट धरतात तसा तो मध्ये धरून मी उभी राहिले. जिन्यातली एक बाई डोकावली आणि तोंडाला पदर लावून परत गेली. माझे कान तापले.

एकानं अर्धी टाकली, मग दुसऱ्यानं. उघडलं नाही. पुन्हा टाकली. नाहीच. तुम्हीच चुकीची टाकून राहिले, हे दोघांनीही मला समोरच्याला सांगायला सांगितलं.

सलीमभाई स्क्रीनकडं बघत बसला होता. मग हळूच म्हणाला, "सर, कॉपी दिवाळीच्या आधीची हाय. मी जुनाच बॅकअप उचलला. याला जुनी की लागंल."

ज्या कीनं कालवलं, तिनंच उलगडतं. लातूरहून दुसरी कॉपी मागवायची तर एसटीनं दुपार झाली असती. आणि जुनी की सलीमभाईच्या वहीत होती, ती तर भांडणानंतर दोघांनी रागानं पुसून टाकलेली.

मग कपड्याच्या दोन्ही बाजूंनी एकदमच आवाज आला, "शेड चौदा."

भूकंपानंतर किल्लारीला दोघांची घरं पत्र्याच्या एकाच, चौदा नंबरच्या शेडात होती. शिकवण्या तिथंच सुरू झाल्या होत्या. सलीमभाईनं टाइप केलं आणि प्रश्न उघडले.

फिजिक्सचे सर कपड्यावरून वाकून म्हणाले, "लई गळायचं ते."

"तुमच्याच बाजूनं गळायचं," केमिस्ट्रीचे सर म्हणाले.

मग कुणाच्या बाजूनं, यावर वाद लागला. पण आता मध्ये माझी गरज नव्हती. मी कपडा घडी करून ठेवला. परीक्षा थोडी उशिरा सुरू झाली. लाइट गेली होती असं आईबापांना सांगितलं, त्यावर कुणी शंका घेतली नाही.

आता सलीमभाई प्रत्येक कॉपीवर ती कधीची ते लिहितो आणि जुनी की कुणाला पुसू देत नाही. भांडण कितीही नवं असो, जुना माल जुन्याच कीनं उघडतो.