कर्जतवालीचा आवाज

शनिवार, ८ ऑक्टोबर २०२२, सकाळी अकरा. समाजमंदिरातल्या पडद्यावर कर्जतवालीची गोष्ट सुरू झाली आणि पहिल्याच वाक्याला कर्जतवाली उठून उभी राहिली. “बंद करा. ह्यो माजा आवाज न्हाई.”

ती माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नात तिचे नाव बदलले. ते बदललेले नावही कोणी वापरले नाही. माहेरच्या गावावरूनच हाक. तिची एक खोड होती. बोलताना कोणी मध्ये तोंड घातले की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. त्यामुळे घरातले सगळे मुकाट ऐकून घेत. आता ती राहुरीकडे ट्रॅक्टर चालवते. इथल्या घराला कुलूप आहे.

शहरातल्या एका संस्थेने ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना मोबाईलवर आपली गोष्ट आपणच रचायला शिकवले होते. छायाचित्रे आपली, आवाज आपला. कर्जतवालीने गोठ्यात बसून तिची गोष्ट सांगितली. फडावर ड्रायव्हर पिऊन पडला, तेव्हा उसाची ट्रॉली तिने कारखान्यापर्यंत नेली. मुकादमाने शाबासकीचा फेटा मात्र तिच्या नवऱ्याला बांधला. “आमचं मालक फेट्याखाली डोळं मिटून बसलं हुतं. ट्रॅक्टरवर माज्या बाजूलाबी तसंच बसलं हुतं,” असे म्हणून ती खळखळून हसली होती.

संस्थेने ते हसणे कापले. बासरी घातली. कोणा शहरी बाईच्या रडव्या स्वरात वाक्य आले, ‘मी एक असहाय मजूर.’ चेहरा कर्जतवालीचा!

“ताई, मदत देणाऱ्यांच्या काळजाला भिडायला हवं ना,” संस्थेचे साहेब म्हणाले.

“ट्रॅक्टर म्या चालीवला. रडाया दुसरी बाई कशाला आनली?”

“गप की! लई झ्याक फिलम हाय,” माझा भाऊ मागून ओरडला.

झाले. ड्रायव्हर पिऊन पडल्यापासून तिने पडद्याजवळच्या माईकवर सगळे पुन्हा सुरू केले. लोक हसू लागले. साहेबांनी माईक काढून घेतला आणि चित्रफीत संध्याकाळीच सगळीकडे पाठवायची असल्याचे सांगितले. ती माझ्याकडे वळली. “भावजी, तुमी मास्तर हुता. सांगा ह्यास्नी.”

दुसऱ्याच्या शेतातला ऊस न विचारता तोडणे ही चोरी, आणि दुसऱ्याच्या तोंडातले शब्द तोडणे ही समाजसेवा? मी एवढेच विचारले. ती चित्रफीत मी साहेबांना माझ्यासमोर पुसायला लावली. पुसली जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

मग तिने आपल्या मोबाईलमधली मूळ गोष्ट लावली आणि मोबाईल दोन्ही हातांनी उंच धरला. मागच्या बायकांना ऐकू येईना. मी भिंतीपाशी गेलो आणि एकेक करून पंखे बंद केले.