दर दोन महिन्यांनी देवराव

सरकारी कचेरीत कागदांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कागद निदान रद्दीत जातात, किस्से कुठं टाकणार? त्यातून आमची कचेरी म्हणजे नोकऱ्या देणारी! निदान लोकांचा समज तसा. खरं तर आम्ही नुसती नावं कार्डावर लिहून घ्यायचो आणि कुठं जागा निघाली की पाठवून द्यायचो. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि माझी साताऱ्याहून बदली झाली ती थेट वर्ध्याला. गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची एक खिडकी. आत मी, बाहेर अख्खा जिल्हा. संध्याकाळी खिडकी लावली की बोलायला कोणी नसायचं. मग दिवसभरात ऐकलेलं मीच मला पुन्हा सांगायचो.

*

आमच्या फॉर्मात कामाचा प्रकार लिहायचा रकाना होता. त्यासाठी दिल्लीहून एक जाडजूड पुस्तक आलेलं, त्यात प्रत्येक धंद्याला नंबर. एकदा बोरगावचा एक गडी आला. विचारलं, "काय काम येतं?"

"सांगाल थे."

आता 'सांगाल ते' याला पुस्तकात नंबर नव्हता! मी 'अकुशल' लिहून मोकळा झालो. त्यानं अर्थ विचारला. म्हटलं, "म्हणजे हातात कसब नसलेला."

तो खिडकीत वाकला. "मंग वीस वर्सं वावरात वखर कोनं हाकलला जी? तुमच्या साहेबानं?"

साहेब माझ्या मागंच उभे होते. चष्मा पुसत आत निघून गेले.

*

याच साहेबांना वरून हुकूम आला, बाजाराच्या दिवशी गावोगाव जाऊन पंचवार्षिक योजना समजावून सांगा. सेलूच्या बाजारात ते खुर्चीवर उभे राहिले. कारखाने निघतील, धरणं होतील, हाताला काम मिळेल, गरिबी हटेल, घरटी एक तरी माणूस नोकरीला लागेल! मी पत्रकं वाटत होतो. लोक मुकाट्यानं ऐकत होते.

पुढंच एक बाई वांग्यांचा ढीग लावून बसली होती. साहेबांनी विचारलं, "काही शंका?"

ती म्हणाली, "सारेच नोकरीवर गेले त मह्या वावरातले वांगे तोडाले कोन येईन? तुमी येता का?"

परतताना साहेब जीपमध्ये पुढं बसले. मांडीवर पिशवीभर वांगी होती.

*

वर्षभरात मला गाव ओळखायला लागलं, पण कसं? खानावळीत वाढपी भात वाढता वाढता विचारायचा, "बाबूजी, माहा नंबर कवा?" एकदा दाढीला बसलो होतो. न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी आणला आणि थांबला. "बाबूजी, आमच्या पुतण्याचं कार्ड कुठवर आलं?"

म्हटलं, "अगदी वर आहे!"

दुसरं काय म्हणणार? पण खरं सांगतो, फार एकटं वाटायचं. आणि ज्याला नोकरी लागायची, तो पुन्हा खिडकीकडं फिरकायचा नाही. त्याचं कार्ड चालू पेटीतून बंद पेटीत गेलं की आमचा संबंध संपला. ओळख जरा कुठं मुरायला लागावी, तर माणूस गायब!

*

"जेवले का बाबूजी?" असं त्या खिडकीतून मला एकाच माणसानं विचारलं. वडनेरचा देवराव. सातवी पास, पहिल्यांदाच टाक हातात धरलेल्या पोरासारखं जपून लिहिणारा. कार्ड दर दोन महिन्यांनी नवं करून घ्यावं लागे. लोक पोस्टकार्ड पाठवत. देवराव हिंगणघाटपर्यंत पायी यायचा, तिथून रेल्वेनं वर्ध्याला. मग दुपारी आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घ्यायचो. त्या चहाची मी दोन महिने वाट पाहायचो, हे त्याला कधी सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायला सांगितलं होतं. आमचे हेडक्लार्क भले माणूस. ते म्हणाले, "अरे, मागली जातच राहू दे की. वयात सवलत मिळते. नाहीतर पंचविशी ओलांडलीस की सरकारी नोकरी विसर. आणि तुला आता तेविसावं चालू आहे."

"विसरतो ना जी," देवराव म्हणाला. "पन जे सोडलं थे पुन्हा लिहाचं नाई."

हेडक्लार्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी 'बौद्ध' लिहिलं.

*

पंचविशी भरायला महिना उरला असताना चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, एका कचेरीतून शिपायाची जागा निघाली. पाच नावं पाठवायची होती. देवरावचं कार्ड पाचवं निघालं.

मी ते हातात घेतलं आणि बसलो. चांदा म्हणजे गेलाच तो! पुन्हा खिडकीत दिसणार नाही. लाज वाटते सांगायला, पण जेवणाची अख्खी सुट्टी मी ते कार्ड घेऊन बसून होतो. सहावं कार्ड कुणाचं, तेही पाहून ठेवलं होतं.

आमचा म्हातारा शिपाई गणपत दारातून बघत होता. शेवटी म्हणाला, "बाबूजी, अंडं हाय का थे? काऊन उबवून राह्यले?"

मी यादी लिहिली. पाचवं नाव देवरावचं. पंधरा दिवसांनी चांद्याहून यादी परत आली, त्याच्या नावापुढं 'निवड'. मी त्याचं कार्ड बंद पेटीत टाकलं आणि त्या दुपारी एकटाच चहा प्यायलो.

*

बरोबर दोन महिन्यांनी खिडकीवर तीसेक माणसांची रांग होती. मान वर केली तर समोर देवराव! अंगात खाकी कोट, नवा, बाह्या जरा लांब.

"अरे, तुझं कार्ड बंद झालं! रांगेत कशाला उभा राहिलास?"

"दोन महिने झाले ना जी."

मागचे लोक ढकलत होते. मी त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं. "नोकरी काय म्हणते? काम फार आहे का?"

"नाई जी. सकाळी दोन माठ भरतो."

"आणि?"

"संध्याकाळी तेच दोन माठ ओततो. भरलेच राह्यतात. सारे घरून पानी आनतात."

गणपत दाराशी होता, तो खाली बघायला लागला. कोपऱ्यात आमच्या कचेरीचा माठ होता. म्हटलं, "देवराव, एक गिलास पाणी दे बरं."

तो उठला. कोटाच्या बाह्या वर सारल्या.

"आज त मी रजेवर हाव जी!" म्हणाला, आणि हसत हसत माठाकडं गेला.