लंगोट उजेडात धरणारी आजी

शेवंताबाईंना उन्हाचं वावडं होतं, अगदी लहानपणापासून. दुपारी जरा बाहेर राहिल्या की हातांवर फोड यायचे, फुटायचे आणि काळे डाग ठेवून जायचे. दात तांबूस. म्हणून रुआबांधा वस्तीतला बाजारहाट त्या दिवस कलल्यावरच करायच्या. आता, दिवसा घरात दडणाऱ्या, तिन्हीसांजेला बाहेर पडणाऱ्या, लाल दातांच्या बाईला छत्तीसगढात काय म्हणतात हे सांगायला पंडित लागत नाही. टोनही. लेकरांना नजर लावणारी, त्यांचं रक्त पिणारी.

आजाराचं नाव त्यांना पन्नाशीत कळलं. रायपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून सांगितलं, पोर्फिरिया. रक्ताचा लाल रंग तयार होताना मधेच बिघाड होतो आणि मग कातडीला ऊन सोसत नाही. "परदेशातल्या रक्तपिपासू भुतांच्या गोष्टी अशाच रोग्यांवरून निघाल्या असं काही जण म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण त्याला पुरावा नाही."

"पुरावा कोनाले पाह्यजे असते, बाई?" शेवंताबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान आनंदराव स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. हरेलीला, म्हणजे आषाढ अवसेच्या सणाला, सगळी गल्ली दाराला कडुनिंबाची डहाळी खोचते, टोनही आत येऊ नये म्हणून. आनंदराव दरसाल ठणकावायचे, "आपल्या दाराले पाला लागनार नाही." तत्त्व सोळा आणे खरं. पण साऱ्या गल्लीत एकच दार मोकळं, तेही हिचंच, म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं होतं? नवऱ्याच्या तत्त्वाचे चटके बायकोला बसत होते आणि त्या भल्या माणसाला पत्ताच नव्हता.

यंदा सून यामिनी बाळंत झाली, मुलगी झाली, आणि शेवंताबाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. तान्ह्या लेकरात हा आजार आधी लंगोटावर दिसतो, ओल गुलाबी पडते, असं डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. नातीला तो व्हायचा संभव फार थोडा, हेही बोलल्या होत्या. पण थोडा म्हणजे नाही नव्हे. यामिनी आंघोळीला गेली की त्या बादलीतले लंगोट काढून खिडकीपाशी उजेडात धरायच्या. लंगोट स्वच्छ निघायचा आणि समाधान टिकायचं ते पुढच्या लंगोटापर्यंत. सुनेला सांगावं तर ती घाबरेल, आम्हाला आधी का नाही सांगितलं म्हणेल. म्हणून गप्प. नातीला मांडीवर घ्यायचंही त्यांनी टाळलं. हात लावून हा रोग लागत नाही हे ठाऊक होतं, तरी हात पुढे होत नव्हते.

हरेलीच्या दिवशी यामिनी न्हाणीतून लवकर बाहेर आली. सासू खिडकीत उभी, ओला लंगोट डोळ्यांशी नेलेला. यामिनी तशीच मागं फिरली. शेजारच्या गयाबाईंकडून एक डहाळी आणून तिनं आपल्या आतल्या खोलीच्या चौकटीत खोचली.

संध्याकाळी पांढरं पातळ नेसून शेवंताबाई विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला निघाल्या होत्या. डहाळी दिसली आणि त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आयुष्यभर गल्लीचं सोसलं, घरातलं कसं सोसायचं? आनंदराव ती उपटायला धावले, तर शेवंताबाईंनीच त्यांचा हात धरला.

"राहू द्या. पोरीची माय हाय ते. भेली तं काय चुकलं?" मग उंबऱ्याबाहेरूनच सुनेला म्हणाल्या, "यामिनी, मी लंगोट पाहून राहिली होती. लाल दिसते का म्हून. माहा रोग हिले तं नाही आला म्हून. तुले सांगाची हिंमतच नाही झाली."

यामिनीचा चेहरा उतरला. "इतने दिन से? एकट्याच?"

"मंग कोनाले घेऊ संगं?"

यामिनीला रडू फुटलं, शरमेनं आणि थोडं भीतीनंही. तिनं मुलीला उचललं, सासूला हाताला धरून आत आपल्या पलंगावर बसवलं आणि पोर त्यांच्या मांडीवर दिली. शेवंताबाई आखडून बसल्या, डागाळलेले हात अधांतरी. पोरीला असला संकोच कुठला? तिनं टेकल्याबरोबर धार सोडली, थेट पांढऱ्या पातळावर.

दोघी एकदमच वाकल्या.

"आई, एकदम साफ है," यामिनी म्हणाली. "पाण्यासारखं."

"उजेड कमी हाय," शेवंताबाई म्हणाल्या. त्यांचे हात आता पोरीभोवती घट्ट होते. "लाइट लाव."

यामिनीनं लाइट लावला, आणि दोघी पुन्हा वाकल्या.