डाव्या हाताचा पेला

मंद्रूपला बाजाराच्या दिवशी शाळा लवकर सुटते. त्या दिवशी मी हजेरीपट मिटत होतो, तेवढ्यात सोलापूरहून लुगडी विकायला येणारा साखर पेठेतला एक ओळखीचा विणकर दारात येऊन उभा राहिला. खांद्यावरचं गाठोडं खाली न ठेवताच तो म्हणाला, "गुरुजी, नरसम्मा गेली." आणि मी विचारलं, "कुठं?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. उन्हानं मास्तरांचं डोकं फिरलं, असंच त्याला वाटलं असणार. पण नरसम्माबाईंच्या बाबतीत 'गेली' म्हटल्यावर 'कुठं' असं विचारायचा मला हक्क होता. तो प्रश्न त्यांनीच मला शिकवला होता. विषमज्वरानं अकरा दिवसांत त्या संपल्या, हे त्यानं मग सावकाश सांगितलं. आज तीन आठवडे झाले. लिहायला बसलो की हात थांबतो, कारण जे लिहायचं आहे त्यात माझी एक लबाडी आहे, आणि ती आजवर मी कुणापाशी कबूल केलेली नाही.

साखर पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. माझी भाड्याच्या दोन खोल्यांची जागा, पलीकडं अंबय्याचं घर आणि त्यात खड्ड्यातला हातमाग. घरात तेलगू बोलत, दारात आले की मराठी. अंबय्या माग चालवी आणि नरसम्माबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत. कांड्या भरता भरता त्या भिंतीपलीकडून माझी शिकवणी ऐकत आणि मुलं चुकली की आधी त्याच हसत. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण कोण चुकलं ते बरोबर कळायचं.

मागाचं काम मंदावलं तेव्हा अंबय्या ब्रह्मदेशात गेला. तिथं पेगू गावी त्याचा एक नातलग भाताच्या गिरणीत होता, त्यानं बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी अंबय्या माझ्याकडं आला आणि घरच्या पत्त्याची डझनभर पाकिटं मी त्याला इंग्रजीत लिहून दिली, म्हणजे तिकडं कुणाच्या पाया पडायला नको. आत चिठ्ठी तो स्वतः तेलगूत लिही. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण स्वतःचं. महिन्याला एक पाकीट येई. त्याचे थोरले भाऊ राजय्या ते मोठ्यानं वाचून दाखवत, आणि माझ्या हातचा पत्ता एवढा समुद्र ओलांडून परत आला म्हणून मीही उगाच फुशारत असे.

मग तो १९३० सालचा मे महिना आला. पेगूला धरणीकंप झाला, निम्मं गाव बसलं, एवढी बातमी कानावर आली आणि आठवडाभरात आमच्याच गावात मार्शल लॉ पुकारला गेला. चौकाचौकांत गोरे सोजीर. पांढरी टोपी घालून बाहेर पडायची सोय राहिली नाही. वर्तमानपत्र मिळेना, टपाल कधी येई कधी नाही. माझी बायको माढ्याला माहेरी होती, शाळेला सुट्टी होती, आणि मी मुळातच भित्रा माणूस, कडी लावून घरात बसून होतो. भिंतीपलीकडं कांड्यांचा चरखा फिरता फिरता मधेच थांबे. तो थांबला की मी हातातलं पुस्तक मिटून भिंतीकडं कान देई.

पाकीट आलं ते दुपारी. नरसम्माबाई ते दोन्ही हातांत धरून माझ्या दारात आल्या. पत्ता माझ्याच हातचा. फोडलं तर आत दोन पानं भरून लिहिलेलं, सगळी गोल गोल, टपोरी, एकसारखी अक्षरं. मी म्हणालो, "तेलगू आहे, राजय्यांना द्या." पण अक्षर अंबय्याचं नाही, हे मला दिसलं होतं आणि त्यांनाही. एवढं सुबक अक्षर त्याच्या सात पिढ्यांत कुणी काढलं नसतं.

राजय्या देवळात रोज पोथी वाचायचे. त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "हे कानडी हाय." म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या अक्कलकोटकडच्या वाण्याकडं गेलो. त्यानं चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाला, "कानडी कुटलं ओ? तेलगू हाय की हे!" पुन्हा राजय्या. आता ओट्यावर निम्मी गल्ली जमली होती. गोल अक्षरांची एवढी माणसं आमच्या गावात, आणि एकालाही एक ओळ लागेना... आज हसू येतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

राजय्यांची अवस्था मला कळत होती. चारचौघांत पोथी वाचणाऱ्या माणसाला सख्ख्या भावाची चिठ्ठी लागेना. ते पानावर बोट ठेवून किती तरी वेळ बसले. मग एका जागी बोट थांबलं. "हितं लागतंय," ते म्हणाले. "पोयिंडु." आणि त्यांनी पान मिटून डोळ्यांवर धरलं. पोयिंडु म्हणजे गेला.

बायकांनी हंबरडा फोडला. नरसम्माबाई मात्र रडल्या नाहीत. त्या पुढं झाल्या, दिराच्या हातून पान घेतलं, उलगडून पुन्हा त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "कुटं गेला ते वाचा की पुढं."

"पुढं लागत न्हाय," राजय्या म्हणाले.

"मग एकच शब्द कसा लागला ओ तुमास्नी? जवर सगळा कागूद कोण वाचून दावत न्हाय, तवर मी हात म्होरं करणार न्हाय."

हात म्होरं करायचा म्हणजे बांगड्या फोडायला. पण घरच्यांचा धीर सुटला होता. धरणीखाली गेलेला भाऊ, ना अग्नी ना पाणी, त्यात सुतक किती दिवसांपासून धरायचं तेही कळेना. राजय्या दुष्ट नव्हते, घाबरले होते. उद्या सकाळी विधी उरकायचा असं ठरलं. सगळे पांगल्यावर नरसम्माबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमी एवढं शिकलाय. ह्या गावात हे वाचणारं कोण तरी असंल की."

मला एकच माणूस आठवला. स्टेशनकडच्या लाकडाच्या वखारीत एक म्हातारे चाचा होते, त्यांनी रंगूनला दहा वर्षं काढली होती. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी कागद सदऱ्याच्या आत ठेवला, काळी टोपी घातली आणि निघालो. रस्ता नेहमीचाच, पण त्या दिवशी संपेना. एका चौकात सोजिरानं थांबवून खिसे चाचपले. त्यानं तो कागद काढून उलटासुलटा केला, गोल अक्षरांकडं संशयानं पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं... हा कागद आता फाटणार. त्यानं तो परत दिला. वखार येईपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही.

चाचांनी पान बघितलं आणि लगेच म्हणाले, "ये तेलगू भी नै, कानडी भी नै. बर्मी है." मी जवळजवळ ओरडलोच, "वाचा!"

"बोलनेकू आता गुरुजी, पढनेकू नै आता." पण पान त्यांनी खाली ठेवलं नाही. "इत्ता साफ लिखनेवाला फुंगीच रहता." फुंगी म्हणजे तिकडचे बौद्ध भिक्षू. आफत आली की तिकडं लोक त्यांच्या मठात धावतात. मठ सागवानी खांबांवर उभे असतात, विटांच्या घरांसारखे अंगावर येत नाहीत. भिक्षू सकाळी भिक्षा मागून आणतात, दुपारच्या आत एकदाच जेवतात आणि दारी आलेल्याला त्यातलं देतात, मग तो कुठल्याही मुलखाचा असो. हे सगळं चाचांनी सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे आमचा माणूस जिवंत आहे?" त्यांनी पानाची घडी घालून माझ्या हातात दिली. "फुंगी जिंदे की खबर भी लिखते, मय्यत की भी," ते म्हणाले.

परत येताना मी काय विचार केला ते खरंच आठवत नाही. एवढं आठवतं की अंगणात शिरलो तेव्हा पाटावर नरसम्माबाई बसल्या होत्या आणि एका म्हातारीच्या हातात वरवंटा होता. नरसम्माबाईंनी दोन्ही मुठी पदराखाली आवळून धरल्या होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. आणि मी, शाळेत मुलांना खोटं बोलल्याबद्दल छड्या मारणारा माणूस, एका दमात बोललो, "वाचून घेतलं. ब्रह्मी भाषा आहे. अंबय्या जिवंत आहे. भिक्षूंच्या मठात आहे, रोज दुपारच्या आत तेच त्याला आपल्यातलं खाऊ घालतात. डाव्या हाताला मार लागलाय, म्हणून लिहिता आलं नाही, भिक्षूनं लिहून दिलं."

म्हातारीनं वरवंटा खाली ठेवला. राजय्या खाली बसून लहान पोरासारखे रडले. नरसम्माबाईंनी मान हलवली, कागद मागून घेतला आणि कुंकवाच्या पेटीत ठेवला.

पुढचे दोन महिने मी जे भोगलं ते वैऱ्यावर येऊ नये. पोस्टमन गल्लीत आला की मी मागच्या दारानं निघून जाई. अंबय्या मेला असेल तर? त्याच्या नावानं पाणी सोडू दिलं नाही मी. आणि उद्या खरी बातमी आली की ह्या बाईला दुसऱ्यांदा विधवा करणारा मीच. त्यातच रंगूनला आपल्याकडच्या मजुरांवर दंगलीत हात उगारले गेल्याची कुणकुण आली. जेवण जाईना. नरसम्माबाई मात्र हसतखेळत असत. चरखा आता मधे थांबत नव्हता. रोज सकाळी पहिला भात त्या बाजूला काढत आणि दुपारच्या आत दारी येईल त्याला वाढत. म्हणत, "तितं माझ्या माणसाला कोण तरी घालतंय की. मी हितं घालते." ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

आषाढ सरता सरता अंबय्या आला. स्टेशनापासून चालत, वाळून काटकी झालेला. मी धावलो आणि मधेच थांबलो. त्याचा उजवा पंजा चेंगरलेला होता, तीन बोटं वळत नव्हती. डावा हात धडधाकट. मी चोरून नरसम्माबाईंकडं पाहिलं. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. बाकी कुणाला डावं-उजवं आठवलंही नाही.

त्यानं जे सांगितलं ते चाचांच्या सांगण्याहून मोठं होतं. पेगूच्या लोकांचा सोन्यानं मढवलेला भला मोठा पगोडाच, म्हणजे त्यांचं देऊळच, कोसळला होता. ज्याला ते देव मानतात तेच पडलं, तरी भिक्षू आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं आधी विटा उपसायला धावली. ह्याला तुळईखालून काढणाऱ्यांत एकाचीही भाषा ह्याला येत नव्हती. मठात चाळीसेक माणसं. खेड्यांतल्या बाया डोक्यावरून भात आणत, आणि तो कमी पडला की भिक्षू आपली पात्रं पुढं सरकवून उठून जात. पुढं वातावरण तापलं तेव्हा एक म्हातारा भिक्षू ह्या सगळ्यांच्या पुढं चालत स्टेशनापर्यंत आला आणि गाडी हलेपर्यंत उन्हात उभा राहिला. चिठ्ठी त्यानंच लिहिली होती. "मी खुणेनं सांगितलं, लिवा, मी हाय म्हणून," अंबय्या म्हणाला. "त्यानं दोन पानं भरली. काय लिवलं त्याला ठावं!"

त्या हातानं मागाचा धोटा धरून इकडून तिकडं फेकवेना. म्हणून नरसम्माबाई स्वतः मागाच्या खड्ड्यात उतरल्या. बायकांनी कांड्या भराव्यात, मागावर बसू नये, असं गल्लीनं म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. पहिलं कापड विणलं ते हळदीच्या रंगाचं, त्या म्हाताऱ्या भिक्षूसाठी. पुडक्यावर मठाचा पत्ता अर्थात माझ्या हातचा. पुढं काही वर्षांनी बिहारात धरणी हादरली तेव्हा त्यांनी घरोघर फिरून लुगड्यांचं एवढं गाठोडं बांधलं की ते उचलायला मला बोलावावं लागलं. कुणी विचारलं, ते आपले कोण, तर म्हणत, "त्या फुंगीचं आमी कोण हुतो?"

आणि एक खोड. मी गेलो की त्या चहा करत आणि पेला माझ्या डाव्या हाताला ठेवत. नेहमी. मी उजव्या हातानं आडवा होऊन घेई. आमच्याकडं असं कुणी ठेवत नाही. मला वाटे, मागावर बसून बसून बाईंना सवय लागली असेल. मंद्रूपला बदली झाल्यावरही जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा पेला डावीकडंच.

गेल्या दिवाळीत शेवटचा गेलो. अंबय्या सूत आणायला गेला होता. मी सहज म्हणालो, "बाई, पेला इकडं का ठेवता हो?" त्यांनी मागावरचा हात थांबवला. "गुरुजी, लिवायचा हात उजवा असतोय की. डावा मोडल्यावर चिठ्ठी लिवायचं कशापायी अडंल?"

मी पेला खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच..."

"तवाच. पाटावर बसल्या बसल्या."

"आणि तरी तुम्ही दोन महिने हसत राहिलात?"

"तुमी रोज मागल्या दारानं पळत हुता. मी बी रडाय लागले असते तर तुमी खरं सांगून मोकळं झाला असता." त्या हसल्या आणि मागाच्या पावडीवर पुन्हा पाय ठेवला. "लई भ्या वाटायचं, गुरुजी. चरखा थांबला की तुमाला कळंल म्हणून फिरवीत बसायची."

दोन माणसं, मधे एक भिंत, आणि दोघं एकाच भीतीत... मी एकटाच आहे असं मी समजत होतो, आणि त्या मला सांभाळत होत्या.

परवा समाचाराला गेलो. माग बंद, खड्ड्यावर फळी टाकलेली. कुंकवाची पेटी कोनाड्यात तशीच होती, आत ती दोन पानं. ती आजवर कुणीही वाचलेली नाहीत. अंबय्यानं चहा केला, चेंगरलेल्या हातानं पेला सावकाश आणला आणि माझ्या डाव्या बाजूला ठेवला.

मी त्या पेल्याकडं बघत राहिलो. तो म्हणाला, "ती हितंच ठेवायची की. म्या एकदा इचारलं, तर म्हनली, गुरुजी डावरं हायेत. व्हय न्हवं?"

म्हणजे माझं खोटं बाईंनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो, आणि डाव्या हातानं पेला उचलला. थोडा सांडला.